अमेरिकेतली मायलोमा ट्रायल: कृष्णवर्णीय पेशंट कमी का येतात, प्रोटोकॉलमध्ये काय बदलावं?

बायोस्टॅट_पुणे
मल्टिपल मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरच्या) फेज-3 ट्रायलच्या प्रोटोकॉलचा मसुदा हातात आहे. साइट्स सगळ्या अमेरिकेतल्या. तिथल्या मायलोमा पेशंटांत कृष्णवर्णीय साधारण 20 टक्के, पण औषधमंजुरीच्या ट्रायल्समध्ये त्यांचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपासच राहिलंय. स्पॉन्सर (ट्रायल चालवणारी कंपनी) म्हणतो, कृष्णवर्णीय वस्ती जास्त असलेल्या अटलांटा-डेट्रॉइटकडच्या साइट्स वाढवा. पात्रतेच्या अटी अशा: न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किमान 1500 प्रति मायक्रोलिटर, क्रिअ‍ॅटिनिन क्लिअरन्स (किडनी किती गाळते त्याचं माप) किमान 60 मिली/मिनिट. या अटी तशाच ठेवून नुसत्या साइट्स वाढवल्या तर काही फरक पडेल का?

रक्तविकार_ओपीडी
फारसा नाही. पेशंट दारापर्यंत येतील आणि स्क्रीनिंगलाच बाद होतील.

आधी 1500 ची अट बघा. एसीकेआर1 जनुकातल्या एका बदलामुळे काहींच्या तांबड्या पेशींवर डफी प्रथिन नसतं. (विवॅक्स मलेरियाचा जंतू मुख्यतः याच प्रथिनाच्या आधारे पेशीत शिरतो, म्हणून पश्चिम आफ्रिकेत हा बदल जवळपास सगळ्यांत सापडतो.) अमेरिकी कृष्णवर्णीयांत साधारण दोन-तृतीयांश लोक असे डफी-नल असतात. धडधाकट असतानाही त्यांच्यातल्या काहींचा न्यूट्रोफिल काउंट 1000 ते 1500 मध्ये असतो. मज्जा नीट चालते, संसर्गाचा धोका वाढत नाही.

आता खरी मेख. नुसती प्रवेशाची अट उतरवून भागत नाही, डोसचा तक्ताही बदलावा लागतो. 1200 वर पेशंट घेतला आणि तक्त्यात ‘पुढची सायकल 1500 झाल्यावरच’ असं राहिलं, तर दुसरी सायकल पहिल्याच दिवशी अडते. डोस लांबतो, मग कमी केला जातो, आणि शेवटी आकडे दाखवतात की या गटात औषध कमी चाललं. सीटीसीएई व्ही-5 (दुष्परिणामांची तीव्रता ग्रेडमध्ये मोजायची पट्टी) प्रमाणे 1200 म्हणजे ग्रेड 2, औषधाचा थेंबही पोटात जायच्या आधी! त्यामुळे डफी-नल पेशंटची ग्रेड त्याच्या स्वतःच्या बेसलाइनशी ताडून बघायची सोय हवी.

ब्लडबँक_सीनियर
डफी स्टेटस पहिल्या डोसच्या आधीच काढून ठेवा, विशेषतः डाराटुमुमॅब देणार असाल तर. ही मायलोमावरची अँटिबॉडी तांबड्या पेशींवरच्या सीडी38 प्रथिनाला चिकटते आणि इनडायरेक्ट कूम्ब्स (रक्त जुळवतानाची चाचणी) पॉझिटिव्ह दाखवते. मग फेनोटाइपवर (पेशीवरचं प्रथिन बघणाऱ्या तपासणीवर) विसंबता येत नाही. अलीकडे रक्त चढवलं असेल तरी तीच गत, कारण दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात. अशा वेळी सरळ जीनोटाइप (डीएनएची तपासणी) करा, जनुकातली तपासायची जागा आरएस2814778.

आणि सवलत वंशाच्या रकान्यावरून देऊ नका. तिथले एक-तृतीयांश कृष्णवर्णीय डफी-नल नसतात, उलट काही येमेनी आणि अरब असतात.

क्लिनऑप्स_ठाणे
60 ची अट कुठल्या औषधासाठी? लेनालिडोमाइड हे मायलोमाचं औषध किडनीवाटे जातं, त्याला डोस कमी करायचा तक्ता तयार आहे. डाराटुमुमॅबसारखी अँटिबॉडी किडनीवाटे जात नाही. मायलोमात किडनी बिघडणं नेहमीचंच, शिवाय कृष्णवर्णीयांत बीपी-डायबेटिसमुळे आधीच बिघडलेली असण्याचं प्रमाण जास्त. 30 पर्यंत खाली या. ईजीएफआर (रक्ततपासणीवरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा अंदाज) वापरणार असाल तर तो काढायचं 2021 चं सीकेडी-ईपीआय समीकरण घ्या, त्यातून वंशाचा गुणक काढलाय.

खर्चाचं म्हणाल तर 1 जानेवारी 2022 पासून मेडिकेडला (अमेरिकेतल्या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याला) ट्रायलमधल्या नेहमीच्या उपचारांचा खर्च द्यावाच लागतो. प्रवास आणि मुक्काम मात्र स्पॉन्सरच्या बजेटमध्ये धरा; तो परत देणं म्हणजे आमिष, असं एफडीए (तिथली औषध नियामक संस्था) मानत नाही. स्क्रीन फेल्युअरचं कारण अटीगणिक, वंशाच्या नोंदीसह ईडीसीत (ट्रायलच्या डेटा भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये) भरायला लावा. ‘अपात्र’ एवढंच लिहिलं तर कुठली अट नडली ते कधीच कळणार नाही.

बायोस्टॅट_पुणे
1000 म्हटलं की मेडिकल मॉनिटर (ट्रायलच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा डॉक्टर) फेब्राइल न्यूट्रोपेनियाचा, म्हणजे न्यूट्रोफिल घटून ताप येण्याचा, मुद्दा काढणार.

रक्तविकार_ओपीडी
काढूद्या, रास्त आहे. मायलोमा मज्जेत भरल्यामुळे आलेला 1200 आणि डफी-नल असल्यामुळे आलेला 1200 एक नाहीत. म्हणून अट दुहेरी लिहा: डफी-नल असेल तर 1000, बाकीच्यांना औषध मज्जा दाबणारं असेल तर 1500. जुने सीबीसी (रक्तपेशी मोजणीचे रिपोर्ट) मिळाले तर जोडा. आजाराआधीही काउंट तेवढाच असेल तर मॉनिटरला पटवायला सोपं जातं. ताप आणि संसर्गाच्या घटना डफी स्टेटसनुसार वेगळ्या मांडून डीएसएमबीकडे (सुरक्षिततेचा डेटा तपासणाऱ्या स्वतंत्र समितीकडे) पाठवा, आणि हे एसएपीमध्ये (आकडेवारी विश्लेषणाच्या आराखड्यात) आत्ताच घालून ठेवा.