ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट: सुट्टीचं प्रकरण गाळायला नको होतं

कृष्णाकाठ
एडवर्ड बर्गरचा पहिल्या महायुद्धावरचा 2022 चा जर्मन सिनेमा, चार ऑस्कर मिळालेला, काल परत बघितला. पहिल्यांदा बघितला तेव्हा सुन्न झाले होते, पण मधल्या काळात रेमार्कची 1929 ची मूळ कादंबरी वाचली आणि आता सिनेमा बघताना सारखं वाटत राहिलं की ह्यातलं काळीजच काढून घेतलंय. पुस्तकात पाऊल हा तरुण जर्मन सैनिक मधेच सुट्टीवर घरी येतो. आई कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली, ती विचारते तिकडे फार वाईट होतं का रे, तर हा म्हणतो नाही गं, आम्ही बरेच जण एकत्र असतो ना, मग एवढं काही वाटत नाही. वडलांना वाटतं ह्याने युनिफॉर्म घालून सोबत यावं, ओळखीच्यांना दाखवता येईल. बिअर पीत बसलेली मोठी माणसं ह्यालाच शिकवतात की फ्रंट कुठे फोडायचा. शेवटी स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पुस्तकांसमोर बसतो आणि एक पान वाचवत नाही त्याच्याच्याने.

माझे मामा फौजेत होते. सुट्टीवर आले की दोन दिवस घर त्यांच्याभोवती, आणि तिसऱ्या दिवशी पारावरची माणसं त्यांनाच बॉर्डरची परिस्थिती समजावून सांगायची. मामा चहाचा कप हातात फिरवत नुसते हं हं करायचे. ते प्रकरण वाचताना मला तो कप दिसत होता. सिनेमात ह्यातलं काही म्हणजे काही नाही, त्याऐवजी रेल्वेच्या डब्यात बसून तहाची बोलणी करणारे नेते आणलेत जे कादंबरीत कुठेच नाहीत. का?

रीळवाला
पूर्ण असहमत. सिनेमाची पहिली दहा मिनिटं आठवा. हाइनरिश नावाचा पोरगा मरतो, त्याच्या अंगावरचा युनिफॉर्म काढतात, पाणी रक्ताने लाल होईपर्यंत धुतात, बायका ओळीने शिलाई मशीनवर बसून भोकं शिवतात, आणि तोच युनिफॉर्म पाऊलला मिळतो. तो म्हणतो ह्यावर दुसऱ्याचं नाव आहे, तर समोरचा अधिकारी ती पट्टी टरकन फाडून टाकतो, म्हणे त्याला लहान होत असेल. पट्टी खाली पडते तिथे जमिनीवर अजून कितीतरी तशाच पट्ट्या. हे पुस्तकात नाही, बर्गरचं आहे, आणि तुमचं सुट्टीचं प्रकरण जे सांगतं की मागे राहिलेल्यांना काही पडलेली नसते तेच हे एक वाक्य न बोलता सांगतं.

आणि एर्झबर्गरचं, म्हणजे त्या डब्यात जर्मनीतर्फे बोलणी करणाऱ्या नेत्याचं म्हणाल तर रेमार्कने लिहिलं तेव्हा पुढचं बरंचसं अजून घडलेलं नव्हतं. बर्गरला माहितीये की तहावर सही केली म्हणून ह्याच एर्झबर्गरला कट्टर राष्ट्रवाद्यांनी 1921 मध्ये गोळ्या घातल्या, 1933 मध्ये नाझींनी रेमार्कचं पुस्तक जाळलं आणि मग दुसरं महायुद्ध. आजच्या जर्मन माणसाने हा सिनेमा करताना ते सगळं विसरून करायचा का?

कृष्णाकाठ
युनिफॉर्मचा सीन जबरदस्त आहे, त्यावर वादच नाही. पण शेवटाचं काय? कादंबरीत पाऊल ऑक्टोबर 1918 मध्ये मरतो, इतक्या शांत दिवशी की लष्कराच्या त्या दिवशीच्या अहवालात एवढंच लिहिलेलं असतं की पश्चिम आघाडीवर नवीन काही नाही. जर्मन नावच ते आहे! एक पोरगा गेला आणि कागदावर काही घडलंच नाही. सिनेमात तो 11 नोव्हेंबरला, युद्ध थांबायच्या मिनिटभर आधी मरतो, भल्यामोठ्या हल्ल्यात. म्हणजे नाव तेच ठेवलं आणि नावातला अर्थ काढून टाकला.

बखरकार
इतिहासापुरतं बोलतो. 11 नोव्हेंबरला पहाटे पाचनंतर सह्या झाल्या आणि 11 वाजेपर्यंत माणसं मरतच होती हे खरंय, हेन्री गुंथर हा अमेरिकन सैनिक 10:59 ला गेला. पण सिनेमातला जनरल आणि त्याने सांगितलेला तो शेवटचा हल्ला काल्पनिक आहे. एकाच माथेफिरू जनरलवर सगळं ढकललं की बाकीचे सुटतात, शाळेत भाषणं ठोकून पोरांना पाठवणारे मास्तर पण सुटतात. हे मला पटलं नाही.

पेटीवाली
मला वादातलं कळत नाही फार पण संगीताबद्दल कुणीच बोलत नाहीये! तो जो तीन सुरांचा घोगरा आवाज सारखा येतो ना, तो संगीतकार फोल्कर बर्टलमनने स्वतःच्या पणजीच्या जुन्या हार्मोनियमवर काढलाय. मी पेटी वाजवते म्हणून सांगते, भाता ओढतानाचा आवाज त्यात ऐकू येतो. एका घरातली वस्तू आणि तिच्यातून तोफखाना आल्यासारखं वाटतं, मला तर घर सिनेमात तिथे सापडलं.

रीळवाला
@कृष्णाकाठ शेवट तर 1930 च्या हॉलिवूडच्या सिनेमानेही बदलला होता की, फुलपाखराकडे जाणारा तो हात पुस्तकात नाहीच. त्याला आपण क्लासिक म्हणतो.

कृष्णाकाठ
बदलला, पण त्यात सुट्टी होती, आई होती. मी बदलाच्या विरोधात नाहीये हो. पुस्तकात पाऊल केमरिशच्या आईला भेटतो ते आठवतं का? मित्र हाल हाल होऊन मेलाय, हा तिला सांगतो की क्षणात गेला, काही कळलंही नाही त्याला. ती म्हणते शपथ घे, हे खोटं असेल तर तू परत येणार नाहीस अशी घे. आणि हा घेतो. दोन खुर्च्या आणि एक खोली, एवढंच लागलं असतं ह्या सीनला.

रीळवाला
हे मी वाचलेलं नव्हतं. इंग्रजी कॉपी घरात आहे, आज रात्री तेवढं प्रकरण काढतो. एर्झबर्गर मात्र मला तरीही हवाच.