भावगीतांच्या साथीसाठी बेस गिटारला फ्लॅटवाउंड तारा : कोणता संच घ्यावा?

मुलुंडचा खर्ज

सर्वांना नमस्कार. मी गेली सहा वर्षे एका हौशी वाद्यवृंदात बेस वाजवतो. आमचे कार्यक्रम बहुतांशी जुन्या भावगीतांचे आणि १९६०-७० च्या सुमारास गाजलेल्या हिंदी चित्रपटगीतांचे असतात, आणि सोबत तबला, ढोलकी, हार्मोनियम, कीबोर्ड व एक अकूस्टिक गिटार असते. माझा बेस चार तारांचा, ३४ इंच स्केलचा, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेससारख्या पिकअपचा (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाचा) असून त्यावर ४५ ते १०५ गेजच्या (म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेल्या जाडीच्या) निकेल राउंडवाउंड तारा चढवलेल्या आहेत.

गेल्या महिन्यात दादरला झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ऐकताना मला ओशाळल्यासारखे झाले. आमच्या गायिका ध्रुवपद संपवून अंतरा उचलण्याआधी एक श्वास थांबतात. नेमक्या त्या शांततेत माझा हात तिसऱ्या फ्रेटवरून (मानेवरच्या आडव्या पट्टीवरून) सातव्या फ्रेटकडे सरकला आणि ओल्या काचेवर बोट घासावे तसा आवाज सभागृहभर गेला. आमच्या तबलजींनी तो ऐकून 'ही कुठली नवी मात्रा?' असे विचारले, आणि तेव्हापासून फ्लॅटवाउंड तारा लावण्याचा विचार डोक्यातून जात नाही.

अडचण अशी की या तारांचा संच माझ्या नेहमीच्या संचाच्या दुपटी-तिपटीच्या किमतीला मिळतो, त्यामुळे एक घेऊन पाहू, नाही जमला तर दुसरा घेऊ, असे करणे परवडणारे नाही. तेव्हा नेमका कोणता संच घ्यावा, त्याने बेसची मान वाकण्याची भीती असते का, आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी मी मित्रांबरोबर रॉक वाजवतो ते याच बेसवर निभेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्याकडे बेस एकच आहे.

ऑर्केस्ट्रातला जुना माणूस

तुमच्या तबलजींचा शेरा आवडला. मी तीस वर्षांहून अधिक काळ मुंबईतल्या नाट्यगृहांमधून बेस वाजवत आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे फ्लॅटवाउंडवरच गेली.

दोन्ही प्रकारांत मधला गाभा सारखाच असतो, पण राउंडवाउंडवर गोल तार गुंडाळलेली असल्यामुळे पृष्ठभाग पन्हळीसारखा होतो आणि फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असल्यामुळे तो गुळगुळीत राहतो. बोट सरकतानाचा आवाज त्या पन्हळीचा असतो. तो फ्लॅटवाउंडने जवळजवळ नाहीसा होईल, याविषयी निश्चिंत राहावे. मात्र तेवढ्याच कारणासाठी या तारा घेऊ नयेत, कारण स्वराचा स्वभावही बदलतो. तंबोऱ्याची जवारी खुली असावी तसा राउंडवाउंडचा आवाज, आणि बंद असावी तसा फ्लॅटवाउंडचा. तंबोऱ्यात ती करामत घोडीची आणि धाग्याची असते, इथे गुंडाळीची, म्हणजे कारणे अगदी निराळी आहेत. पण कानाला जाणवणारा फरक त्याच जातीचा आहे.

साथसंगतीत याचा फायदा असा होतो की स्वर 'ठुम्म' असा उठतो आणि लवकर बसतो, त्यामुळे डग्ग्याच्या घिश्श्याला जागा मिळते. राउंडवाउंडच्या वरच्या स्वरांशांची (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या बारीक स्वरांची) झणझण रेंगाळत राहिली की हार्मोनियमचा खालचा सप्तक आणि बेस एकमेकांत कालवल्यासारखे वाटतात. शिवाय तुम्ही ज्या काळातली गाणी वाजवता, त्या काळाच्या कानाला हाच आवाज ओळखीचा आहे. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला तेव्हा त्यावर सपाट ताराच असत, आणि राउंडवाउंडचा बोलबाला झाला तो १९६६ मध्ये रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीने 'द हू' या रॉक बँडचे बेसवादक जॉन एंटविसल यांच्या सहकार्याने त्या तारा घडवल्यानंतर.

संचाविषयी माझे मत विचाराल तर डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स नावाच्या सपाट तारांपासून, म्हणजे ४५-६५-८०-१०० या संचापासून, सुरुवात करावी. सपाट तारांमध्ये त्या सर्वांत उजळ मानल्या जातात, त्यामुळे राउंडवाउंडची सवय असलेल्या कानाला एकदम घोंगडी पांघरल्यासारखे वाटत नाही. पहिले काही आठवडे त्या थोड्या कडक बोलतील, नंतर आपोआप मवाळ होतील. माझ्या बेसवरचा संच अकरा वर्षांचा आहे.

गिरगावचा दुरुस्तीवाला

वर आवाजाविषयी जे लिहिले आहे ते मला मान्य आहे. परंतु माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वाद्यांवरून सांगतो की फ्लॅटवाउंड लावून नाराज होणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार आवाजाची नसते, ताणाची असते. चपट्या पट्टीच्या गुंडाळीत पोकळी कमी राहते, म्हणून त्याच जाडीच्या तारेत धातू अधिक बसतो. तार जड झाली की तोच स्वर मिळवण्यासाठी ती अधिक ताणावी लागते. त्यामुळे पाकिटावर '४५ ते १०५' हे ओळखीचे आकडे पाहून संच घेतला, तरी तो हाताला पूर्वीपेक्षा ताठ लागतो. म्हणून आधी ताण ठरवावा आणि मग नाममुद्रेकडे वळावे.

थोमास्टिक-इन्फेल्डचा जॅझ फ्लॅट्स हा व्हिएन्नाचा संच ४३-५६-७०-१०० असा येतो आणि त्याचा ताण इतका कमी असतो की जोरात ठोसे मारून वाजवणाऱ्याची तार फ्रेटवर आपटते. पण हलक्या हाताच्या वादकाला तो लोण्यासारखा वाटतो. दुसऱ्या टोकाला ला बेलाचा ५२-७३-९५-११० हा जाड संच आहे. मोटाउन या अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर असल्याच जाडजूड ला बेला तारा वापरत आणि तुटल्याशिवाय त्या बदलत नसत, हे वाचून अनेक तरुण तोच संच मागतात. त्यांची बोटे आठवड्याभरात कुरकुरतात, नटच्या (खुंट्यांजवळच्या, तारा बसवायच्या पट्टीच्या) खाचा कानशीने रुंद कराव्या लागतात, आणि नंतर पुन्हा बारीक तारा लावायच्या म्हटले तर त्या त्याच खाचांत खुळखुळतात. ला बेलाच्याच ४५-६५-८५-१०५ या संचाला मात्र तुमच्या नटला हात लावावा लागणार नाही.

मान वाकण्याची भीती निराधार नाही, पण ती मोडण्याची भीती नव्हे; ताण वाढला की मान थोडी पुढे झुकते आणि ट्रस रॉड (मानेच्या आतला, फिरवून आवळता येणारा धातूचा दांडा) त्यासाठीच असतो. तारा चढवून, स्वरात लावून, वाद्याला रात्रभर तसेच राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी चौथी, म्हणजे सर्वांत जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी व सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमधली फट पाहावी. तिथे व्हिजिटिंग कार्ड सहज सरकेल इतकी जागा ठीक. दोन-तीन कार्डे जात असतील तर ट्रस रॉड पाव फेरा आवळून पुन्हा वाट पाहावी. यानंतर बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता हलकेच स्पर्शून काढलेला स्वर) ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा लागला तर ब्रिजवरचा (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात तिथला) खोगीर मागे न्यावा. हे सगळे घरी करता येते. फक्त रॉड फिरताना अडू लागला तर जबरदस्ती न करता वाद्य कारागिराकडे आणावे.

तुमच्या बेसवर तारा मागून, लाकडातून ओवायची सोय असेल तर ती वापरू नये. सपाट तार त्या कोपऱ्यावर करकचून वळली की तिची पट्टी उकलण्याचा धोका असतो, म्हणून ती ब्रिजमधूनच ओवावी. आणि पाकीट दुकानातच उघडून पाहावे. मला एकदा फ्लॅटवाउंड म्हणून जो संच देण्यात आला तो घरी आल्यावर घासून अर्धवट सपाट केलेला हाफ-राउंड निघाला, आणि उघडलेले पाकीट परत घेण्यास दुकानदाराने नकार दिला. नख तारेवरून हळूच ओढले की फरक लगेच कळतो : सपाट तारेवर नख कुठेही अडखळत नाही.

बेस-सूर

थोडा विरोधी सूर लावतो. खर्च करण्याआधी टोन नॉब पूर्ण बंद करा आणि ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा बोटभर जाड तुकडा बसवून एक तालीम करून पाहा. सरकण्याची चरचर जाणार नाही, हे खरे. परंतु स्वर आखूड आणि गोल झालेला तुमच्या मंडळींना रुचतो का, हे दहा रुपयांत कळेल.

दुसरे असे की तुमच्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे लोक कशावर ऐकतात, याचाही विचार करावा. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तो निघतच नाही. तिथे आपला कान वरच्या स्वरांशांवरून खालचा स्वर ताडतो. सपाट तारांत ते स्वरांश कमी असल्यामुळे सभागृहात भारदस्त वाटलेला बेस व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रफितीत चक्क गायब होतो. मी याच कारणाने पुन्हा राउंडवाउंडकडे वळलो.

रॉकची काळजी मात्र करू नये. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे बेसवादक स्टीव्ह हॅरिस रोटोसाउंडच्या सपाट तारांवरच ते सारे घोडदौडीचे वादन करतात. अंगठ्याने थापट्या मारण्याची शैली तेवढी सपाट तारांवर फिकी पडते.

मुलुंडचा खर्ज

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्पंजचा प्रयोग कालच्या तालमीत केला. गायिकांनी बेस बदलला का असे विचारले आणि तबलजी काहीच बोलले नाहीत, म्हणजे पसंत पडले असावे. माझा हात जरा जड आहे, त्यामुळे थोमास्टिकचा मोह सोडून क्रोम्सचा ४५ ते १०० हाच संच घेण्याचे ठरवले आहे. पावसाळ्यात लोकलमधून घामेजल्या हातांनी उतरून थेट वाजवायला बसावे लागते. माझ्या राउंडवाउंड तारा जुलै संपेपर्यंत काळवंडून मुक्या होतात. सपाट तारांचेही तसेच होते का? आणि तारांचे वरचे टोक खुंट्यांपाशी किती लांब ठेवून कापावे?

ऑर्केस्ट्रातला जुना माणूस

घाम आणि मळ साचायला तिथे पन्हळीच नसते, म्हणून त्या फार सावकाश जुन्या होतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसल्या तरी पुरे.

कापण्याविषयी मात्र फार सावध राहावे. तार खुंटीच्या पुढे चार-पाच इंच सोडावी, त्या जागी ती पकडीने काटकोनात वाकवावी, आणि वाकवल्यानंतरच वाकाच्या पलीकडे कापावी. मी माझ्या पहिल्या संचाची ई तार सरळ असतानाच कापली होती. पट्टी टोकाकडून सैल पडत गेली, आणि कोरी करकरीत तार पुठ्ठ्याच्या डब्यावर काठी मारल्यासारखी वाजू लागली. सुटी ई तार कुठेच मिळेना, म्हणून त्या रात्रीचा संपूर्ण कार्यक्रम मी तीन सपाट तारा आणि एक जुनी राउंडवाउंड अशा विजोड बिऱ्हाडावर वाजवला.