विमानाच्या रेडिओवर इंग्रजीच का, आणि पुढेही राहील का?

कुतूहल४२: इंग्रजीच्या प्रसाराची चर्चा निघाली की गाडी इंटरनेट आणि नोकऱ्यांवर जाते. मला विमानांपुरतं विचारायचंय. वैमानिक आणि नियंत्रक इंग्रजीतच बोलतात, हा नियम आहे की प्रघात? बऱ्यापैकी इंग्रजी येत असलं की भागतं का? आणि यंत्रं भाषांतर करू लागल्यावर हे टिकेल का?

धावपट्टी०९: 'इंग्रजीतच' हे बरोबर नाही. आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार जमिनीवरच्या केंद्राला स्वतःची भाषा वापरता येते, फक्त आंतरराष्ट्रीय वाहतूक असेल तिथे मागेल त्याला इंग्रजी द्यावीच लागते. म्हणून पॅरिसला फ्रेंच वैमानिक खुशाल फ्रेंच बोलतात. तोटा असा की बाकीच्यांना आजूबाजूला काय चाललंय ते कळत नाही. २५ मे २००० ला तिथल्या शार्ल द गोल विमानतळावर एका एमडी-८३ विमानाला उड्डाणाची परवानगी फ्रेंचमध्ये मिळाली. त्याच धावपट्टीवर मधूनच शिरणाऱ्या ब्रिटिश शॉर्ट्स ३३० विमानाच्या वैमानिकांना ती समजली नाही. टक्कर झाली, शॉर्ट्सचा सहवैमानिक गेला.

नायनर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही भागत. ५ मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आयकाओच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी इंग्रजीत लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा बाबी तपासतात. सरासरी काढत नाहीत, सर्वात कमी गुण तीच तुमची पातळी. पाच बाबींत सहा आणि उच्चारात तीन, तर तुम्ही तिसऱ्या पातळीचे. चौथीची परीक्षा साधारण दर तीन वर्षांनी, पाचवीची सहा वर्षांनी, सहावीला पुन्हा नाही. लेखन-वाचन तपासतच नाहीत.

शिवाय ठरीव वाक्प्रयोग वेगळे शिकावे लागतात. ३ म्हणजे 'ट्री', ५ 'फाइफ', ९ 'नायनर', कारण रेडिओच्या खरखरीत फाइव्ह आणि नाइन सारखेच ऐकू येतात. आकडे बहुधा सुटे वाचतात. (मराठीत चालवायचं म्हटलं तर सदतीस-सदुसष्टचं काय करणार?)

एवढं करूनही घोळ होतोच. फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूरजवळ मालवाहू ७४७. नियंत्रक म्हणाला, 'डिसेंड टू फोर झिरो झिरो', म्हणजे २४०० फूट. वैमानिकांनी 'टू' हे 'पर्यंत' असं धरलं आणि ४०० फुटांकडे उतरू लागले. टेकडीवर आदळून चौघे गेले. वैमानिकांनी 'ओके, फोर झिरो झिरो' असं उलट सांगितलं (म्हणजे ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवली) होतं, तिथे ते पकडायला हवं होतं. उलट सांगणं आणि ते लक्षपूर्वक ऐकणं, दोन्ही सक्तीचं असतं ते याचसाठी.

धावपट्टी०९: याला जोडून कॅनरी बेटांतल्या तेनेरिफची दोन विमानांची टक्कर, २७ मार्च १९७७, ५८३ मृत्यू. डच सहवैमानिकाचं 'वी आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ' ऐकून विमान उभंच आहे असं नियंत्रकाला वाटलं, प्रत्यक्षात ते धावत सुटलं होतं. आता 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना, ती उलट सांगताना किंवा रद्द करतानाच वापरतात. एरवी 'डिपार्चर'. आणि खापर परक्या भाषिकांवरच फोडू नका. मिनिटाला शंभर शब्दांच्या वर जाऊ नये ही मर्यादा मातृभाषा इंग्रजी असणाऱ्यांनाही आहे, आणि ती मोडण्यात तेच पुढे असतात.

कुतूहल४२: आणि भवितव्य?

नायनर: बोलणं कमी होतंय. समुद्रावरच्या मार्गांवर डेटालिंक, म्हणजे आवाजाऐवजी लेखी संदेश, आहे: 'अमुक उंचीवर चढा' हा संदेश आधीच ठरलेल्या क्रमांकाने जातो, पडद्यावर त्याचं वाक्य होतं. हा क्रमांक उद्या कुठल्याही भाषेत दाखवता येईल. पण उत्तर यायला अनेक सेकंद लागतात, म्हणून विमानतळाजवळच्या गर्दीत आवाजच लागतो. यंत्र-भाषांतराचं दुखणंही तेच. शिवाय चूक त्यात कुठे शिरली हे वैमानिकाला कळणार कसं?

आणि ठरीव वाक्यं संपतात तिथे साधी इंग्रजीच उरते. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या विमानाचं इंधन संपत आलं. वैमानिकांनी 'प्रायॉरिटी' मागितली, 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारलाच नाही. नियंत्रकांच्या लेखी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता. विमान पडलं, ७३ जण गेले. यंत्राने त्यांच्या स्पॅनिश 'प्रिओरिदाद'चंही 'प्रायॉरिटी'च केलं असतं.