शब्दचर्चा : ‘आभार’, ‘उपकार’ की ‘देव बरें करूं’?

प्रश्न (वेंगुर्ला) : एका ख्रिस्ती मित्राला दोन ओळी लिहायच्यात आणि शब्द अडलाय. गेल्या पावसात वडील गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात ॲडमिट होते, तेव्हा हा अकरा रात्री वॉर्डाबाहेर चटई टाकून माझ्यासोबत झोपला. परवा त्याच्या वाडीतल्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला गेलो. पोरांचा बँड होता, इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम, आणि गाणी सगळी येशूची. मधेच लाइट गेली. गिटार मुक्या झाल्या, पण ड्रमवाला थांबला नाही. उरलेलं गाणं लोकांनी टाळ्यांवर पुरं केलं. मी फारसा देव मानणारा नाही, तरी त्या काळोखात त्याच्या खांद्यावर हात टाकून गात होतो. ‘आभारी आहे’ लिहिलं तर माईकसमोर आभारप्रदर्शनाला उभा राहिल्यासारखं वाटतं. ‘तुझे उपकार’ म्हटलं की टोमणा. ‘ऋणी’ म्हणजे सोसायटीचं कर्ज. लिहू काय? आणि अशा लाइव्ह ख्रिश्चन रॉकला मराठीत काय म्हणायचं?

मालवण : ‘आभार’मध्ये ‘भार’ आहे, म्हणजे मुळात तो हलका शब्द नव्हे, सभांनी वापरून वापरून हलका केला. ‘कृतज्ञ’ची फोड छान आहे : केलेलं जाणणारा. उलट ‘कृतघ्न’, केलेलं मारून टाकणारा. पण हे पुस्तकी झालं. आपल्या मालवणीत मित्राचे आभार कोण मानतं? मानलेस तर तो म्हणेल, ‘गप ऱ्हव मेल्या!’ ‘बरा झाला तू इलंस’ एवढ्यात सगळं येतं.

वसई : ‘उपकार’ला टोमण्याचा वास घरात येतो, चर्चमध्ये नाही. मराठी बायबलात ‘उपकारस्तुती’ आणि ‘उपकारस्मरण’ हे शब्द आहेत, आणि प्रार्थनेत ते अगदी सरळ मनाने उच्चारले जातात. फरक असा की तिथे उपकार करणारा देव असतो, त्यामुळे कोणी कोणाला उपकार ऐकवून दाखवत नाही. मित्राला मात्र ‘उपकारस्तुती’ लिहू नका, हसेल.

जाता जाता : गिटार-ड्रम पाहून ‘हे कसलं भजन’ म्हणणारे भेटतातच. रेव्हरंड ना. वा. टिळक तुमच्याच कोकणातले, 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म, 1895 साली बाप्तिस्मा. त्यांनी येशूवर अभंग रचले, मराठी ख्रिस्ती मंडळींना भजन-कीर्तनाची वाट दाखवली. ज्याच्या कानाला जे वाद्य ओळखीचं, त्यावर तो देवाचं नाव घेणार. आज पोरांच्या कानाला गिटार ओळखीची आहे.

सावंतवाडी : ‘रॉक’चं ‘खडकसंगीत’ करू नका, हात जोडतो. संगीतातला रॉक झुलण्या-डोलण्यातून आलाय, दगडातून नाही. गंमत अशी की ख्रिस्ती रॉकला दोन्ही अर्थ चालतात. येशू आपल्या पेत्र नावाच्या शिष्याला म्हणतो की या खडकावर मी माझी मंडळी (म्हणजे चर्च) रचीन, तिथे ग्रीकमध्ये ‘पेत्रा’ म्हणजे खडक. 1972 साली अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती रॉक बँडने नावच ‘पेट्रा’ ठेवलं. तेव्हा ‘ख्रिश्चन रॉक’ असंच लिहा. ‘आराधना’ हा शब्द आहे, पण ती मंडळीने मिळून करायची. स्टेजवरच्या कार्यक्रमाला सरसकट तो लावला तर म्हातारे रागावतील. तुमच्या काळोखातल्या गाण्याला मात्र मी आराधनाच म्हणेन.

‘लाइव्ह’लाही प्रतिशब्द शोधू नका. रात्रभर पायपेटीशेजारी बसून दशावतार बघणाऱ्यांना त्या शब्दाची गरजच कधी पडली नव्हती.

आता मूळ प्रश्न. तुमच्या मित्राच्या घरी ‘देव बरें करूं’ म्हणत असतील. कोंकणीतला ‘थँक यू’ तोच. शब्दशः ‘देव तुझं बरं करो’. यात ‘मी’ कुठेच नाही, फेड करायचं काम देवाकडे सोपवलंय. मित्रापुढे अवघडायला होत नाही ते म्हणूनच.

प्रश्नकर्ता : पण देव न मानणाऱ्याने ते म्हणावं का?

सावंतवाडी : ‘देव जाणे’ म्हणता ना? मग?

प्रश्नकर्ता : पाठवलं. ‘बरा झाला त्या अकरा रात्री तू होतंस. देव बरें करूं.’ लगेच उत्तर आलं : ‘आयतवारी ड्रम टेम्पोत चढवूक ये.’