शब्दचर्चा : रिव्हर्स लॉजिस्टिक्समधल्या संशोधनाचा 'इम्पॅक्ट' मराठीत कसा सांगायचा?

व्यवस्थापनशास्त्राच्या एका प्राध्यापिकेचा इंग्रजी परिचय मराठीत आणतोय आणि एकाच वाक्यावर दोन दिवस अडलोय. त्यांचा एक विषय रिव्हर्स लॉजिस्टिक्स, म्हणजे ग्राहकाकडून परत येणाऱ्या मालाची व्यवस्था. माझा खर्डा असा : "उलट रसदशास्त्र आणि पर्यावरणीय व्यवस्थापन या क्षेत्रांत त्यांचा संशोधनप्रभाव लक्षणीय आहे." लिहून झाल्यावर मलाच कळेना की बाईंनी नेमकं केलं काय. कुणी सोडवा.

—

'रसद' शब्द सुरेख आहे, पण त्याला सैन्याचा वास आहे. त्यात नवल नाही म्हणा, 'लॉजिस्टिक्स'ही लष्करातूनच आला. जोमिनी या युद्धशास्त्राच्या लेखकाने १८३८च्या सुमारास तो युद्धशास्त्रात रूढ केला आणि त्याची नाळ सैन्याच्या मुक्कामाची सोय पाहणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हुद्द्याशी जोडली. आपली अडचण वेगळी आहे. रसद पोचते, पुरते, तोडली जाते. परत येत नाही. म्हणून 'उलट रसद' म्हटलं की शत्रूला धान्य पाठवल्यासारखं वाटतं.

—

'परतावा व्यवस्थापन' चालेल का? सुटसुटीत आहे.

—

अजिबात नको. 'परतावा' म्हटलं की वाचकाला गुंतवणूक आठवते, नाहीतर कराचे परत मिळालेले पैसे. इथे पैसे नाही, माल परत येतोय. 'परतीचा माल' म्हणा, कुणीही समजेल.

माझा खरा आक्षेप 'उलट'वर आहे. परत आलेला प्रिंटर डोळ्यांसमोर आणा. जाताना तो एकसारख्या शंभर खोक्यांपैकी एक होता, कधी निघणार आणि कुठे पोचणार हे ठरलेलं होतं. येताना तो एकटा येतो, दुसऱ्याच कुठल्या खोक्यात, तारेशिवाय, आणि चिठ्ठीवर एवढंच : 'चालत नाही'. खरंच बिघडलाय, की घेणाऱ्याला जोडता आला नाही? उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मग प्रतवारी : हा तसाच विकता येईल, हा दुरुस्तीला, याचे सुटे भाग काढायचे, हा भंगारात. किती येतील, कधी येतील, कोणत्या अवस्थेत येतील, काहीच आधी माहीत नसतं. या विषयातलं निम्मं संशोधन या अनिश्चिततेशीच झुंजतंय. म्हणजे हा गेलेला रस्ता उलटा चालणं नव्हे, रस्ताच दुसरा आहे.

रॉजर्स आणि टिब्बेन-लेम्बके या अभ्यासकांची १९९०च्या दशकाच्या अखेरची व्याख्या आजही सगळे वापरतात. तिचा गाभा असा : माल वापराच्या ठिकाणाहून उगमाकडे नेण्याचं नियोजन आणि नियंत्रण, आणि हेतू दोन, उरलेली किंमत वसूल करणं किंवा योग्य विल्हेवाट लावणं. नुसतं 'परत वाहतूक' म्हटलं तर हे दोन्ही हेतू गळतात. मी 'रिव्हर्स लॉजिस्टिक्स' तसंच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत उलगडून सांगीन.

—

'पर्यावरणीय व्यवस्थापन'ही फसवं आहे. पर्यावरणाचं व्यवस्थापन कोण करणार? १९९६मध्ये आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यातली व्यवस्थापन प्रणाली संस्थेने स्वतःच्या कामाचे हवा-पाण्यावर होणारे परिणाम आवरण्यासाठी आहे. 'पर्यावरण व्यवस्थापन' रुळलंय, ते चालू द्या. फक्त 'पर्यावरणीय' नको, त्याने काहीच साधत नाही.

—

मूळ दुखणं 'प्रभाव'मध्ये आहे. प्रभाव कुणावर? इंग्रजीत 'इम्पॅक्ट' म्हणून सुटता येतं, मराठी लगेच विचारते. आणि या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक, इतर संशोधकांनी दिलेले दाखले (सायटेशन्स), म्हणजे त्यांनी आपल्या लेखांत केलेले उल्लेख. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक हेच मोजतो : प्रत्येकी किमान वीस दाखले मिळालेले वीस लेख असतील, तर निर्देशांक वीस. एकच लेख हजार जणांनी उल्लेखला आणि बाकीचे कुणी पाहिलेच नाहीत, तर तो एकावरच अडतो. दोन, विद्यापीठाबाहेर झालेला बदल. ब्रिटनच्या २०१४च्या संशोधन मूल्यमापनात 'इम्पॅक्ट'चा अर्थ हा दुसराच होता आणि त्याला २० टक्के गुण होते, २०२१मध्ये २५ टक्के झाले. कुणीतरी परतीच्या मालाची प्रतवारी बदलली, कचऱ्यात जाणारे भाग वाचले, तर तो हा इम्पॅक्ट. पहिल्याला 'दाखले' म्हणा, दुसऱ्याला 'उपयोग' किंवा सरळ क्रियापद.

(आणि कृपया 'आघात' नको. 'पर्यावरण आघात मूल्यांकन'मध्ये तो शोभतो, तिथे धक्का बसतोच. पण 'बाईंच्या संशोधनाचा आघात' वाचून लोक बाईंपासून लांब पळतील.)

—

पटलं. मूळ मजकूर पुन्हा वाचला, तिथे फक्त दाखल्यांचाच आकडा आहे, बाहेरच्या बदलाचा एक शब्दही नाही. म्हणून आता असं :

"वापरून झालेला किंवा परत आलेला माल गोळा करून त्याची किंमत वसूल करणं किंवा नीट विल्हेवाट लावणं, म्हणजे रिव्हर्स लॉजिस्टिक्स. या विषयावर आणि पर्यावरण व्यवस्थापनावर लिहिणारे संशोधक त्यांच्या लेखांचे दाखले वारंवार देतात."

—

छान. 'लक्षणीय' गेलं हे फार बरं झालं. फक्त 'वापरून झालेला किंवा परत आलेला'मध्ये घोळ आहे, वापरून झालेलाही परतच येतो ना? 'न वापरता परत केलेला किंवा वापरून टाकून दिलेला' करा.

—

केलं.