मदत हवी आहे: कनेक्शनांनी सर्व्हर गुदमरतोय

मंडळी, मी लातूरचा. सोयाबीन-तुरीचे भाव दाखवणारं छोटं अ‍ॅप चालवतो. क्लाउडवर एकच लिनक्स मशीन, पुढे एन्व्हॉय प्रॉक्सी (आलेली विनंती आधी स्वतः घेऊन अ‍ॅपकडे पाठवणारा प्रोग्रॅम). आठवडाभरापासून ऐन सौद्याच्या वेळी सगळं ठप्प होतंय. सीपीयू निवांत, पण कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये एकच रडगाणं: 'एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट'.

कॉनट्रॅक म्हणजे कर्नल प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवतो ते टेबल. त्याची मर्यादा दुप्पट केली. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. (बोअर आटलं की आणखी शंभर फूट खाली जायची आपली जुनी खोड!) नंतर कळलं की जुळलेल्या टीसीपी कनेक्शनची नोंद लिनक्स मुळातच 4,32,000 सेकंद, म्हणजे 5 दिवस धरून ठेवतं. कुणी कनेक्शनं उघडून नुसतं गप्प बसलं तरी टेबल भरणारच. ही मुदत एका तासावर आणू का? गप्प पडलेली वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी कनेक्शनं) तुटतील का?

दर आयपी पत्त्याला कनेक्शनांची मर्यादा घालायचीही भीती वाटते, कारण मोबाइल कंपनीच्या एकाच पत्त्यामागे शेकडो शेतकरी असतात. मग खरे कोण, खोटे कोण हे ओळखायचं कसं?

एन्व्हॉय 2022 मधला आहे, म्हणजे ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर झालेल्या एचटीटीपी/2 वरच्या 'रॅपिड रीसेट' हल्ल्याला उघडाच. पण त्यात स्ट्रीम (एकाच कनेक्शनमधल्या एकेक विनंत्या) उघडून लगेच रद्द करतात, थोडीच कनेक्शनं पुरतात आणि सीपीयू चढतो. माझं दुखणं वेगळं दिसतंय. अपडेट आज रात्री करतोच. आधी काय तपासू?