सिंहगडावर साखर घसरते, व्यायामशाळेत मात्र चढते : टाइप १ मधुमेहात हे कसे सांभाळावे?

प्रश्न : गडवाट, पुणे

नमस्कार. मला टाइप १ मधुमेह होऊन येत्या दिवाळीत सहा वर्षे पूर्ण होतील. माझे वय ३४ आहे. रोज रात्री दहा वाजता १८ युनिट ग्लार्जिन (दिवसभर संथपणे काम करणारे इन्सुलिन), प्रत्येक जेवणाआधी जलद परिणामाचे इन्सुलिन आणि दंडावर साखर मोजणारा सेन्सर अशी व्यवस्था आहे. इन्सुलिन पंप वापरत नाही. गेले वर्षभर आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहा वाजता उपाशीपोटी वजने उचलतो आणि दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतो.

वजने उचलून घरी येईपर्यंत १३० वर असलेली साखर २१० च्या आसपास पोहोचलेली असते. ती उतरवण्यासाठी मी नेहमीच्या हिशेबाने तीन युनिट घेतो आणि अकराच्या सुमारास कार्यालयात बसल्या जागी हातांना कंप सुटतो. गडावर याच्या नेमके उलट घडते. दोन रविवारांपूर्वी मी नऊच्या सुमारास माथ्यावर पिठलं-भाकरी, थोडी कांदाभजी आणि दही खाल्ले, त्यासाठी सहा युनिट घेतले आणि अर्ध्या तासाने उतरायला लागलो. निम्म्या वाटेवर पाय लटपटू लागले आणि सदरा घामाने भिजला, तरी सेन्सर ९४ दाखवत होता. आकड्याशेजारचा बाण तेवढा खाली वळलेला होता. वाटेत बसणाऱ्या मावशींनी माझा चेहरा पाहून ताकाचा पेला पुढे केला. तो रिकामा करून दहा मिनिटे बसलो, पण बरे वाटण्याऐवजी डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. अखेरीस बोट टोचून पाहिले, तर ५८! मग त्याच मावशींनी लिंबू सरबतात आणखी तीन चमचे साखर घालून दिली. त्याच रात्री तीन वाजता सेन्सरचा गजरही वाजला.

"व्यायामाआधी भरपूर खात जा" हा सल्ला मी वर्षभर पाळला आणि त्यापायी चार किलो वजन वाढवून बसलो आहे. व्यायाम सोडायचा नाही. पण खाण्याखेरीज दुसरा काही मार्ग आहे का?

उत्तर १ : घाटातला धावक, सातारा

हा आजार माझ्या सोबतीला तेवीस वर्षे आहे आणि साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये मी पाच वेळा धावलो आहे, म्हणून अनुभवाच्या आधारे लिहितो. औषधाच्या मात्रेतील प्रत्येक बदल मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

आपली अडचण चढणीपेक्षा त्या सहा युनिटांत अधिक आहे. मधुमेह नसलेला माणूस चालू लागला की त्याचे स्वादुपिंड काही मिनिटांतच इन्सुलिन कमी करते. आपण टोचलेले इन्सुलिन मात्र परत बोलावता येत नाही. त्यातच काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेऊ शकतो. नऊ वाजता घेतलेल्या जलद इन्सुलिनचा जोर साधारण तासा-दीड तासाने सर्वाधिक असतो, म्हणजे आपण उतारावर असताना, आणि चढणीने दमलेले स्नायू तर आधीच साखरेला हपापलेले असतात. त्यात पिठल्यातील प्रथिने आणि भज्यांचे तेल यांमुळे जेवण हळू पचते. साखर रक्तात पोहोचण्याआधीच इन्सुलिन तिथे हजर, असा तो प्रकार झाला.

म्हणून जेवणानंतर दीड तासाच्या आत चालणे, धावणे किंवा सायकल चालवणे असेल, तर त्या जेवणाचे इन्सुलिन व्यायामाचा जोर आणि अवधी पाहून २५ ते ७५ टक्क्यांपर्यंत कमी करतात. २०१७ साली या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही हाच पल्ला दिलेला आहे. आपल्या जागी मी असतो, तर माथ्यावर सहाऐवजी तीन युनिट घेतले असते आणि घरी आल्यावर साखर १८० दिसली असती तरी कुरकुर केली नसती. पायथ्याशी निघताना आकडा १२६ ते १८० च्या दरम्यान असावा. ९० च्या खाली असेल, तर दहा ते वीस ग्रॅम ग्लुकोज घेऊन तो वर आल्याशिवाय पहिले पाऊल टाकू नये. इन्सुलिन आधीच कमी केले, तर खाण्याचे प्रमाण आपोआप घटते आणि आपल्या चार किलोंचाही प्रश्न सुटू लागतो. "भरपूर खा" हा सल्ला मला स्वतःला आळशीपणाचा वाटतो, कारण त्यात आधी जास्त इन्सुलिन टोचायचे आणि मग त्याला पोसत राहायचे.

व्यायामशाळेचे गणित वेगळे आहे. जड वजन उचलताना ॲड्रेनालिन उसळते आणि यकृत आपला साखरेचा साठा रक्तात सोडते. सकाळी उपाशीपोटी जेवणाचे इन्सुलिन अंगात नसल्यामुळे त्याला अडवणारे फारसे काही नसते. ही चढ बहुधा तासा-दोन तासांत स्वतःहून ओसरते. त्यावर पूर्ण मात्रा घेतली, की ओसरणारी साखर आणि तीन युनिट यांची गाठ अकरा वाजता पडते. मी अशा वेळी नेहमीच्या निम्मीच मात्रा घेतो आणि पुष्कळदा काहीही न घेता दहा मिनिटे संथ चालतो. वजने आणि धावणे एकाच दिवशी असेल, तर आधी वजने आणि नंतर धावणे असा क्रम ठेवून पाहावा. त्यामुळे धावताना होणारी घसरण सौम्य होते. ज्यांना हे सारे ऐकून धास्ती वाटते, त्यांना मी गॅरी हॉल ज्युनियरचे उदाहरण सांगतो. १९९९ मध्ये टाइप १ चे निदान झालेल्या या अमेरिकी जलतरणपटूने पुढच्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण मिळवले.

उत्तर २ : खो-खोपटूची आई, नागपूर

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि संध्याकाळी दीड तास खो-खो खेळते. वरील उत्तर मला पटले, पण रात्रीविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. खेळताना रिकामा झालेला साठा स्नायू पुढे कित्येक तास भरून काढत असतात, त्यामुळे घसरण त्याच वेळी न होता मध्यरात्रीनंतर होऊ शकते. आमच्या डॉक्टरांनी खेळाच्या दिवशी रात्रीचे ग्लार्जिन २० टक्क्यांनी कमी करायला सांगितले आहे; आपल्या अठरा युनिटांचे ते साधारण साडेचौदा होतील. डेग्लुडेक हे आणखी दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हा उपाय करू नये, कारण त्याच्या मात्रेतील बदलाचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. त्यांनी रात्रीच्या जेवणाचे इन्सुलिन कमी करण्याबद्दल विचारावे.

तीनचा गजर वाजला तेव्हा आपण सेन्सर लावलेल्या दंडावरच झोपला होता का? दंड अंगाखाली दाबला गेला तरी सेन्सर खोटा कमी आकडा दाखवतो. आम्ही सुरुवातीला घाबरून लेकीला झोपेतच साखर भरवत असू आणि सकाळी २८० पाहून कपाळाला हात लावत असू. आता आधी बोट टोचतो.

आमच्याकडील उन्हाळ्याचा एक धडाही सांगते. उष्णतेने त्वचेखालचे इन्सुलिन लवकर शोषले जाते, म्हणून मे महिन्यात तोच खेळ आणि तीच मात्रा असूनही साखर वेगाने उतरते. आणि धावण्याआधी मांडीत सुई टोचू नये, पोटावर टोचावी.

उत्तर ३ : निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कोल्हापूर

दोन्ही उत्तरे जबाबदारीने लिहिलेली आहेत. राहिलेल्या दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

ताकाने उतार पडला नाही याचे आश्चर्य नाही, कारण पेलाभर ताकात जेमतेम काही ग्रॅम साखर असते आणि तीही दुधातली. अशा वेळी पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावे. चॉकलेट, बिस्किटे किंवा राजगिऱ्याची वडी नंतरसाठी ठेवावी. सेन्सर रक्तातील नव्हे, तर त्वचेखालील द्रवातील साखर मोजतो, त्यामुळे ती वेगाने बदलत असताना तो काही मिनिटे मागे राहतो. अंगाची लक्षणे आणि सेन्सर यांचे जुळत नसेल, तर बोटाच्या थेंबावर विश्वास ठेवावा.

मागील चोवीस तासांत साखर फार खाली गेली असेल, तर शरीराचा धोक्याचा इशारा दुसऱ्या दिवशी मंदावलेला असतो. तेव्हा गडावर एकट्याने जाऊ नये, आणि ती दुसऱ्याच्या मदतीवाचून सावरता न येण्याइतकी गेली असेल, तर तो दिवस पूर्ण विश्रांतीचाच ठेवावा. उलट, साखर २७० च्या वर असेल आणि तिचे कारण ताजे जेवण नसेल, तर कीटोन (इन्सुलिन अपुरे पडल्यावर चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासावेत. रक्तातील कीटोन १.५ मिलिमोल प्रति लिटर किंवा अधिक असल्यास व्यायाम वर्ज्य आहे, कारण तिथे इन्सुलिनचीच तूट असते आणि व्यायामाने ती साखर उतरत नाही, आणखी चढते.

हा विषय नवा नाही. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनी १९२६ मध्येच व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो हे लिहून ठेवले होते, आणि ते स्वतः इन्सुलिनवर जगणारे मधुमेही होते.

गडवाट, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. गुरुवारी डॉक्टरांना हे सारे दाखवले. त्यांनी माथ्यावर तीन युनिट आणि रविवारी रात्री पंधरा युनिट ग्लार्जिन याला संमती दिली. गजराच्या रात्री मी बोट टोचले नव्हते, त्यामुळे तो खरा होता की खोटा हे आता कळायला मार्ग नाही. झोपतो मात्र नेहमी त्याच कुशीवर.

काल पायथ्याशी १४८ होते, माथ्यावर ११६. पिठलं-भाकरी तेवढीच खाल्ली, भजी मित्राला दिली. निम्म्या वाटेवर, त्याच दगडापाशी, थांबून बोट टोचले : १२१. घरी पोहोचलो तेव्हा १७४ होते आणि मी सुईला हात लावला नाही. मावशींनी ओळखून न विचारताच लिंबू पिळायला घेतले होते. या वेळी त्यांच्याकडून मीठ घातलेले ताकच घेतले.